सहा पुस्तकं आणि एकच प्रूफ वाचणारी

प्रश्न : ताई, नमस्कार. दादरला आमचं पुस्तकनिर्मितीचं छोटं युनिट आहे. प्रकाशकाकडून हस्तलिखित घ्यायचं, डीटीपी (कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी), प्रूफं, मांडणी, मुखपृष्ठ उरकून छापखान्याला फाइल द्यायची आणि बाइंडिंग होऊन गठ्ठे हातात येईपर्यंत मागे लागायचं, असं काम. आम्ही सात जण आहोत. एरवी तीन-चार पुस्तकं चालू असतात, पण जुलै उजाडला की दोन दिवाळी अंक, एका संस्थेची स्मरणिका आणि वर तीन पुस्तकं, असं सगळं एकावर एक चढतं. प्रत्येक कामाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, प्रत्येकाची एक्सेल शीट आहे. तरी रोज सकाळी 'आज कुणी काय करायचं' यात अर्धा तास जातो. मुलगा म्हणतो ट्रेलो घे, आमच्या सीए म्हणतात झोहो घ्या, एका क्लायंटकडे आसना पाहिलं तर ते फारच देखणं वाटलं. नेमकं काय घ्यावं?
— सु. प., दादर

उत्तर : तुमच्या पत्रात तीन सॉफ्टवेअरची नावं आहेत, पण सात जणांपैकी प्रूफं कोण वाचतं हे कुठेच नाही. म्हणून संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन विचारलं. कळलं ते असं, की प्रूफं एकच बाई वाचतात, निवृत्त शिक्षिका आहेत, विरारहून येतात आणि आठवड्यातले चारच दिवस येतात. म्हणजे सहाही कामांची वाट त्यांच्या टेबलावरून जाते. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते आता या टेबलावरूनच ठरवू.

तुमच्या शीट चुकलेल्या नाहीत. दिवाळी अंकाच्या शीटवर लिहिलेलं असणार, 'पहिलं प्रूफ : ऑगस्टचा दुसरा आठवडा'. स्मरणिकेच्या शीटवरही तेच, कादंबरीच्या शीटवरही तेच. तिन्ही आपापल्या जागी बिनचूक. फक्त तिन्ही शेजारी-शेजारी उघडून बघण्याचं काम कुणाकडेच नाही. त्या आठवड्यात बाईंसमोर तीन गठ्ठे येऊन पडतात आणि ज्या क्लायंटचा आवाज मोठा, त्याचा गठ्ठा वर जातो. तुमचा सकाळचा अर्धा तास तिथे खर्च होतोय.

मी पुलांच्या कामांवर प्लॅनिंग विभागात नोकरी केली. तिथे प्रायमावेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमधून छापलेले चादरीएवढे तक्ते, म्हणजे प्लॉट, भिंतीला लावलेले असायचे, प्रत्येक साइटचा वेगळा. एकदा दोन पुलांच्या स्लॅबचं काँक्रीट एकाच रात्री धरलं गेलं. शहरात अवजड गाड्यांना दिवसा वेळेची बंधनं, त्यामुळे मोठं काँक्रीट रात्रीच. दोन्ही प्लॉटवर तारखा चोख. काँक्रीट वर चढवणारा बूमपंप मात्र एक. ही भानगड उघडकीला आणली ती पंपाच्या ऑपरेटरने. संध्याकाळी येऊन म्हणाला, 'मॅडम, रात्री नेमकं जायचं कुठे? मानखुर्दला की सायनला?' एवढं महागडं सॉफ्टवेअर, पण त्याला काही दिसलं नाही, कारण दोन साइटवाल्यांनी तोच पंप दोन वेगळ्या नावांनी भरला होता. सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन पंप होते.

यात सॉफ्टवेअरला तरी किती दोष द्यायचा? ज्या आडव्या पट्ट्यांच्या तक्त्याला आपण गँट चार्ट म्हणतो, तो हेन्री गँट या अमेरिकी इंजिनिअरने १९१०च्या दशकात रुळवला. क्रिटिकल पाथची, म्हणजे एकमेकांवर अडलेल्या कामांची सगळ्यांत लांब साखळी शोधायची पद्धत १९५७च्या सुमाराला ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या माणसांनी बसवली, ती रासायनिक कारखान्यांची बांधकामं आणि दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवून करायची कामं लवकर उरकावीत म्हणून. एका मोठ्या कामाच्या पोटातला गुंता सोडवायला ही हत्यारं निघाली. सहा कामं आणि माणूस एक, हे दुखणं वेगळं. तेव्हा जाहिरातीतल्या रंगीत पट्ट्यांना भुलू नका. पट्ट्या आता सगळेच काढून देतात.

सॉफ्टवेअरकडे जाण्याआधी एक हिशेब करा. सोळा पानी फर्मा (एका घडीत बसणारी पानं) धरला तर २५६ पानांच्या पुस्तकाचे १६ फर्मे. बाई दिवसाला तीन फर्मे नीट वाचतात असं धरू. म्हणजे नुसत्या पहिल्या प्रूफाला सव्वापाच दिवसांच्या वर आणि त्या चारच दिवस येतात म्हणून प्रत्यक्षात सव्वा आठवड्याच्या वर. मग दुसरं प्रूफ, मग अंतिम वाचन. आता असं समजा की त्यांच्याकडे सहा कामं पडून आहेत आणि महिन्याला तीन हातावेगळी होतात. मग प्रत्येक काम तिथे सरासरी दोन महिने मुक्काम करणार. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकाने १९६१ मध्ये हे गणिताने सिद्ध करून ठेवलंय : हातातली कामं भागिले ठराविक काळात संपणारी कामं, येईल तेवढा मुक्काम. जुलैत हस्तलिखित घेतलेला अंक सप्टेंबरपर्यंत का रखडतो, त्याचं उत्तर या भागाकारात आहे आणि कुठलंही ॲप हा भागाकार बदलू शकत नाही. बदलायचा तर दुसरा वाचक शोधा, नाहीतर त्यांच्याकडे एका वेळी जाणारी कामं कमी करा.

दुसरा रस्ता फुकट आहे, म्हणून आधी तोच. एलियाहू गोल्डरॅट हे मूळचे इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ, नंतर कारखान्यांच्या व्यवस्थापनात शिरले. अनेक प्रकल्प एकत्र चालवणाऱ्यांना त्यांचं सांगणं असं, की सगळ्यांत अडकलेला माणूस किंवा मशीन शोधा आणि त्याला झेपेल अशा अंतराने नवी कामं सुरू करा. हस्तलिखित आलं म्हणून लगेच डीटीपीला लावायचं नाही. बाईंकडे जागा केव्हा होणार ते बघून मागे मोजायचं आणि डीटीपी त्या तारखेला सुरू करायचं. डीटीपीचा मुलगा दोन दिवस मोकळा दिसेल, तुमचा जीव वरखाली होईल. होऊ द्या. त्या दोन दिवसांत त्याच्याकडून जाहिरातींची पानं लावून घ्या.

आता सॉफ्टवेअर. तिघांचीही एकच परीक्षा घ्या. चाचणीच्या खात्यात तीन लुटूपुटूची कामं तयार करा, तिन्हींत एकाच आठवड्यात बाईंचं नाव टाका आणि बघा, ते ओरडतं का. नुसतं 'काम नेमलं' असं म्हणून गप्प बसलं तर ते तुमच्या कामाचं नाही किंवा त्या किमतीच्या प्लॅनमध्ये तरी नाही.

आसना खरंच देखणं आहे आणि त्यात एकच काम दोन प्रोजेक्टमध्ये एकाच वेळी दाखवता येतं, ही सोय मला फार आवडते. पण कुणावर किती भार आहे हे सगळ्या प्रोजेक्टवरून एकत्र दाखवणारा भाग वरच्या, महागड्या प्लॅनमध्ये आहे. तुम्ही क्लायंटकडे पाहिलंत ते बहुधा तेच. झोहो प्रोजेक्ट्स चेन्नईच्या कंपनीचं, बिल रुपयांत येतं, जीएसटीचा कागद सरळ मिळतो, सीएबाईंचा जीव त्यात असणार हे उघड आहे. अवलंबून असलेली कामं, गँट, माणसांवरचा भार, हे सगळं त्यात आहे. मात्र सात जणांच्या युनिटला ते पहिल्या दिवशी अंगावर येईल. पन्नास रकाने भरायला मागणाऱ्या वस्तूला माणसं दोन आठवड्यांत कंटाळतात.

ट्रेलोचं मोफत खातं या परीक्षेत गप्पच बसेल. तरी यंदाच्या दिवाळीपुरतं तुम्हाला मी तेच सांगेन, ओरडायचं काम आपण शेजारच्या एका शीटकडून करून घेऊ. पण मुलगा ज्या पद्धतीने मांडून देईल तसं नाही. तो दर पुस्तकाला एक बोर्ड, म्हणजे स्क्रीनवरचा फळा, करेल. ते करू नका, नाहीतर सहा शीटच्या जागी सहा बोर्ड होतील आणि आपण होतो तिथेच. सगळ्या कामांचा बोर्ड एक. त्यावर उभ्या याद्या तुमच्या कामाच्या टप्प्यांच्या : आलेलं, डीटीपी, पहिलं प्रूफ, दुरुस्ती, दुसरं प्रूफ, लेखकाकडे, अंतिम, छापखाना, बाइंडिंग. कार्ड म्हणजे एका यादीतून पुढच्या यादीत सरकवायची चिठ्ठी. एक कार्ड म्हणजे अख्खं पुस्तक करू नका. दिवाळी अंकाचं कार्ड कथा विभाग, लेख विभाग, कविता, जाहिराती असं तोडा. पुस्तकाचं चार-चार फर्म्यांचं. लेबलचा रंग म्हणजे काम कुणाचं ते. आणि 'पहिलं प्रूफ'च्या मथळ्यातच लिहा, 'तीनच'. तीन कार्डं तिथे असतील तर चौथं डीटीपीतच थांबेल. यात शोध वगैरे काही नाही, जपानच्या टोयोटात कानबान म्हणून हेच दशकानुदशकं चालत आलंय. मोफत प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला, म्हणजे तुमच्या ऑफिसच्या सामाईक जागेला, दहा माणसांची मर्यादा आहे. तुम्ही सात आहात, तेव्हा क्लायंटला आत घेण्याचा मोह आवरा. आणखी एक, ट्रेलोच्या मोफत खात्यातून डेटा बाहेर काढता येतो तो जेसन या प्रोग्रॅमरांच्या उपयोगाच्या स्वरूपात. एक्सेलमध्ये सरळ उघडणारी सीएसव्ही फाइल पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. पुढे दुसरीकडे जायचं झालं तर हे आठवेल.

ट्रेलोला तास मोजता येत नाहीत, त्याला कार्डं मोजता येतात. म्हणून शेजारी एकच गूगल शीट ठेवा. आडव्या ओळीत माणसं : प्रूफवाल्या बाई, डीटीपीचे दोघे, चित्रकार आणि शेवटच्या ओळीत छापखाना. उभ्या रकान्यांत दिवाळीपर्यंतचे आठवडे. चौकटीत फक्त जॉब नंबर. एका चौकटीत दोन नंबर आले की ती लाल. गणपतीचा आठवडा आधीच काळा करून टाका, तुमचा बाइंडर कोकणातला असेल तर दोन आठवडे. छापखान्याची तारीख मिळाली की ती पेन्सिलने नको, पक्की लिहा. दिवाळीच्या तोंडावर मशीनवरची पाळी चुकली की रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं हे तुम्हाला मी काय सांगायचं! शिवाय पावसाळी हवेत कागद दमट, शाई वाळायला वेळ घेते. छपाई आणि घडीच्या मध्ये एक जादा दिवस त्या शीटवर दिसला पाहिजे. ही शीट दर शनिवारी तुम्ही स्वतः बघायची, दहा मिनिटं.

जॉब नंबरचं थोडं लांबण लावते, कारण मराठीत काम करणाऱ्यांची ही खास डोकेदुखी. तुमच्याकडे निम्मं डीटीपी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये चालत असणार. तिथून पुस्तकाचं नाव उचलून ट्रेलोत चिकटवलंत की बाराखडीचा चुराडा होतो. हाताने टाइप केलं तर एक जण 'स्मरणिका' लिहितो, दुसरा 'स्मरणीका' आणि शोधताना दोन्ही एकत्र सापडत नाहीत. छापखान्यात जॉब कार्डावर नंबर असतो तो याचसाठी. तुमचेही नंबर पाडा, २६-११, २६-१२, असे, आणि फाइलच्या नावात, कार्डावर, शीटवर, छापखान्याच्या चलनावर तोच नंबर. सॉफ्टवेअर घेताना त्यातून एक पीडीएफ काढून बघा आणि त्यात 'दुरुस्ती', 'हृदय', 'वर्ष' हे शब्द असू द्या. स्क्रीनवर नीट दिसणारी जोडाक्षरं काही सॉफ्टवेअरच्या पीडीएफमध्ये फुटतात. क्लायंटला पाठवायच्या तक्त्यावर तुटकं मराठी गेलेलं तुम्हाला चालणार नाही.

कार्ड कुणी सरकवायचं? बाईंनी नाही. त्यांना लाल पेन आणि कागद पुरे आहे, या वयात त्यांना लॉगिन देऊन छळू नका. त्यांच्या टेबलावरून दुरुस्तीचा गठ्ठा जो उचलतो, त्याने तिथेच उभं राहून फोनवर कार्ड सरकवायचं. तुम्ही मालकीणबाईंनी तर मुळीच सरकवायचं नाही. एकदा तुम्ही सुरुवात केलीत की ते तुमचंच काम होऊन बसेल. 'लेखकाकडे' या यादीतल्या कार्डाला मात्र तारीख आणि तुमच्या ऑफिसातल्या एकाचं नाव हवंच. लेखक प्रूफं घेऊन पुण्याला गेले आणि तिथून नाशिकला, यात कुणाचाच दोष नसतो आणि कुणीच फोन करत नाही.

दिवाळी झाल्यावर बघा. तोपर्यंत दुसरा वाचक आला असेल, कामं दहावर गेली असतील, अडकायची जागा बाईंऐवजी चित्रकार किंवा छापखाना झाली असेल, तर झोहो घ्यायला हरकत नाही. पहिले तीन महिने महिन्याचंच बिल भरा. वर्षाचं भरलं तर स्वस्त पडतं हे खरं, पण कुणी वापरत नसलेलं स्वस्त काय कामाचं? परदेशी कंपनीचं घेतलंत तर बिल डॉलरमध्ये, बँकेच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू लागतात आणि १८ टक्के जीएसटी कुणी कसा भरायचा ते सीएबाईंकडून आधीच समजून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी बोरिवलीचा इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टर. सध्या दहिसर ते अंधेरी पाच फ्लॅट चालू आहेत. सुतारांची टीम एक, इलेक्ट्रिशियन एक, पीओपीवाला दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरबरोबर वाटून घेतलेला. दोन सॉफ्टवेअर घेऊन झाली. महिन्याला पैसे जातात, पण सुपरवायझर पोरं काही भरतच नाहीत. आता तिसरं घ्यावं का?
— वि. म., बोरिवली

उत्तर : तिसरं घेऊ नका, निदान आत्ता.

संध्याकाळी सहाचा तुमचा सुपरवायझर डोळ्यांसमोर आणा. दहिसरच्या फ्लॅटमध्ये उभा आहे, प्लायच्या शीट मोजतोय, बिजागऱ्या कमी आल्या म्हणून हार्डवेअरवाल्याशी फोनवर भांडतोय, वॉचमन खालून 'सहा वाजले, मशीन बंद करा' म्हणतोय. त्यात तुमचं ॲप विचारतं, 'वॉर्डरोब किती टक्के पूर्ण?' तो साठ लिहितो. उद्या सत्तर लिहील. वॉर्डरोबचे साठ टक्के म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही. टक्के काढून टाका. खोका उभा राहिला, लॅमिनेट लागलं, शटर बसले, चॅनेल-हँडल झाले. झालं किंवा नाही, एवढंच. सोबत एक फोटो.

पोरांना व्हॉट्सॲपच राहू द्या. सात वाजता प्रत्येक साइटचा एक मेसेज, ठरलेल्या चार ओळी : साइट, आज काय संपलं, काय अडलं, उद्या कोण हवं. सॉफ्टवेअरमध्ये ते भरायचं काम ऑफिसातल्या एकाच माणसाचं. रोजचा त्याचा अर्धा तास जाईल, पण तीन सुपरवायझरांच्या मागे लागण्यात तुमचा याहून जास्त जातोय.

त्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गँटप्रोजेक्ट हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर टाकून घ्या, फुकट आहे. पाच फ्लॅटच्या पाच फाइली करू नका, एकाच फाइलीत पाच मथळे करा. सुतारांची टीम हा एकच 'रिसोर्स', त्याला एकच नाव. माणसांच्या तक्त्यावर जिथे लाल दिसेल तिथे तुम्ही एक टीम दोन घरांत कबूल केलेली आहे. कामांचा क्रमही बांधा : बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून ठेवायची चाचणी, मगच टाइल्स. एसीचे कॉपर पाइप आणि पाण्याची नळी गेल्याशिवाय फॉल्स सीलिंग नाही. चाचणीचे दिवस 'काम' म्हणून धरू नका, नुसती थांबायची मुदत म्हणून टाका, नाहीतर सॉफ्टवेअरला वाटेल प्लंबर तीन दिवस तिथेच बसलाय.

प्रत्येक सोसायटीच्या कामाच्या वेळा वेगळ्या असतात, दुपारची शांतता, रविवार बंद, लिफ्टने प्लाय न्यायची वेळ ठरलेली. या वेळा पहिल्याच दिवशी सेक्रेटरींकडून लेखी घ्या आणि मगच मुदत कबूल करा. रोज आठ तास धरून केलेलं वेळापत्रक सहा तासांच्या सोसायटीत पहिल्या आठवड्यातच मागे पडतं.

आणि सुतार गावाला जातात ती गोष्ट. होळी, दिवाळी, छठ, लग्नसराई. तुम्ही म्हणाल ते ऐनवेळी सांगतात. ऐनवेळी त्यांना तिकीट कोण देतं? रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं. म्हणजे जाण्याची तारीख त्यांच्या खिशात दोन महिने आधीपासून असू शकते. मिस्त्रींना चहा पाजून विचारा, 'तिकीट कधीचं?' ती तारीख फाइलीत टाका आणि त्याच्या आधी कुठली दोन घरं पॉलिशला मोकळी करायची ते बघा. पाचही घरांत थोडं थोडं काम ठेवलंत तर टीम गेल्यावर पाच मालकांचे फोन येतील.

प्रश्न : आता एआयच सगळं वेळापत्रक करून देतं म्हणतात. मग सॉफ्टवेअर निवडत बसायची गरज काय?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : कामांची कच्ची यादी ते झटपट आणि बऱ्यापैकी देतं, विसरलेले टप्पे आठवून देतं. मीही वापरते. पण बाई विरारहून चारच दिवस येतात हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं आणि त्यांनी परवा गठ्ठा परत दिला हे रोज कुठेतरी नोंदवावंच लागतं. ती नोंदीची जागा तुम्हाला निवडायचीच आहे. आणि क्लायंटचे करार, माणसांचे पगार फुकटच्या खात्यात चिकटवू नका.

प्रश्न : पवईच्या एका आयटी कंपनीत मी प्रोजेक्ट ऑफिस सांभाळतो. आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं प्रोजेक्ट ऑनलाइन हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर आहे, ते ३० सप्टेंबर २०२६ ला बंद होणार. एका वेळी पाच प्रोजेक्ट चालतात, टेस्टिंगची टीम आणि डेटाबेसचा माणूस सगळ्यांना सामाईक. साहेब म्हणतात, डेव्हलपर आपली कामं नोंदवायला जिरा हे सॉफ्टवेअर वापरतातच, सगळं तिकडे हलवा. तुमचं मत?
— अ. क., पवई

उत्तर : आधी घाबरण्यासारखं किती आहे ते बघा. बंद होतंय ते प्रोजेक्ट ऑनलाइन. डेस्कटॉपवरचं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट चालू राहणार आहे, आणि कंपनी लोकांना आपल्या प्लॅनर या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळवतेय. तुमच्या फाइली एमपीपी, म्हणजे डेस्कटॉपवरच्या प्रोजेक्टच्या फाइली, म्हणून उतरवून ठेवता येतील. लोक विसरतात ते बाकीचं : मूळ बेसलाइन (सुरुवातीला ठरलेलं वेळापत्रक), माणसांनी भरलेले प्रत्यक्ष तास, तुम्ही बनवलेले खास रकाने, आणि ऑनलाइनच्या डेटावर उभे असलेले पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या तक्ते काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे रिपोर्ट. ते रिपोर्ट कोण बघतं याची यादी आजच काढा. निम्मे कुणीच बघत नाही असं निघेल, ते जाऊ देत.

जिराचं म्हणाल तर अनेक प्रोजेक्ट एकत्र दाखवणारा 'प्लॅन्स' हा भाग प्रीमियममध्ये आहे आणि तो चांगला आहे. पण तो क्षमता मोजतो ती टीमची. तुमचा डेटाबेसवाला हा एकटा माणूस पाच टीमना वाटलेला, तो त्यात सहज दिसणार नाही. त्याची एकट्याची 'टीम' करून ठेवावी लागेल. हा जुगाड आहे, पण चालतो. डेव्हलपर तिथे आधीच रोज नोंद करतात, हा जिराचा मोठा गुण. नवीन जागी जाऊन नोंद करा म्हणून सांगायला लागत नाही. तेव्हा साहेब चुकीचं सांगत नाहीत.

एक काम मात्र हलवण्याआधी करून घ्या. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये प्रत्येक कामाला अग्रक्रमाचा आकडा असतो, शून्य ते हजार. न सांगता सगळ्यांना पाचशे मिळतो. एका माणसावर दोन कामं आली आणि लेव्हलिंग, म्हणजे भार सारखा करायला कामं पुढे ढकलणारं बटण, चालवलं की कमी आकड्याचं काम सहसा मागे सरकतं. आणि हजार म्हणजे 'याला हातच लावू नका'. मी अशा फाइली पाहिल्या आहेत की जिथे प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने आपापल्या प्रोजेक्टला हजार टाकून घेतलाय. मग बटण दाबलं तरी एक दिवसही सरकत नाही, जादा भाराने लाल झालेली माणसं जिथल्या तिथे. तुमच्या पाच फाइलींतले हे आकडे उघडून बघा आणि ते जसेच्या तसे जिरात नेऊ नका. साहेबांना मीटिंगमध्ये विचारा, 'पाचांपैकी पाचवं कुठलं?' ते म्हणतील सगळीच महत्त्वाची आहेत. परत विचारा. नाव लेखी मिळेपर्यंत प्रीमियमच्या लायसन्सची ऑर्डर थांबवून ठेवा.